तिरक्या नजरेतला तारा

२०२३ च्या मे महिन्यात यवतमाळच्या प्रेरणा मॅडमच्या फोनवर हाफिजभाईंचा मेसेज आला, तेव्हा हाफिजभाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

मेसेज तुटक होता. "दिसला. अकराव्या प्रतीचा. आकाश स्वच्छ." हाफिजभाई असंच लिहायचे, सलाम नाही, नाव नाही, जे दिसलं तेवढंच. प्रेरणा मॅडम कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि जिल्ह्यातल्या आकाश बघणाऱ्या हौशी लोकांचा एक ग्रुप चालवतात. हाफिजभाई गेल्याची बातमी त्यांनीच त्या ग्रुपवर टाकली होती. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला, ग्लासभर पाणी प्यायल्या आणि मग त्या नंबरला फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला.

"मी अस्मा. त्यायची पोरगी. अब्बांचा फोन आम्ही बंद नाही केला."

उमरखेडच्या बाजारात माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. त्याला लागून हाफिजभाईंचं चष्म्याचं दुकान. मधे एकच भिंत, तीही पातळ. त्यामुळे मी जे सांगतोय त्यातलं बरंचसं मला अस्मानंच सांगितलं, थोडं प्रेरणा मॅडमकडून कळलं, आणि थोडं भिंतीतून ऐकू आलं.

अस्मा चाळिशीला आलेली. लग्न पुसदला झालं होतं, ते टिकलं नाही, ती परत आली आणि वडिलांच्या हाताखाली नंबर काढायला शिकली. हाफिजभाई जुन्या पद्धतीचे, काच स्वतः घासणारे. पुढे तयार काचा मिळायला लागल्या, घासायचं काम उरलं नाही, पण हाताची खाज गेली नाही. मग त्यांनी एका हिवाळ्यात बसून सहा इंची आरसा घासला. बोअरच्या केसिंग पाइपात तो बसवला, सुताराकडून लाकडी बैठक करून घेतली आणि गच्चीवर दुर्बीण उभी केली. संध्याकाळी दुकान बंद झालं की बापलेक वर. खाली अमिनाबी, म्हणजे अस्माची आई, भाकरी थापता थापता हाका मारत राहायची.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलात, हाफिजभाईंचा श्वास लागला. इथं दवाखान्यात खाट मिळाली नाही, म्हणून नांदेडला नेलं. गाडीत सोबत कुणाला बसू दिलं नाही. मागच्या काचेतून त्यांनी हात हलवल्यासारखं अस्माला वाटलं. नक्की हलवला की गाडीच्या धक्क्यानं हलला, हे तिला आजही सांगता येत नाही. पुढे फक्त फोन आले. शेवटचा फोन आला तोवर मातीसुद्धा झाली होती, तिथल्याच कब्रस्तानात, अनोळखी माणसांच्या हातून. मय्यत घरी आली नाही. तोंड कुणी पाहिलं नाही. अमिनाबीनं इद्दत, म्हणजे विधवेनं घरात काढायचे चार महिने दहा दिवस, पाळली, माणसं भेटून गेली, आणि अस्मानं दुकान उघडलं. अब्बांचा फोन ती रोज चार्जिंगला लावायची. घरात ही गोष्ट कुणी काढत नसे.

त्या काळात एकदा मला भिंतीपलीकडून काच घासल्याचा आवाज आला, तसाच, हाफिजभाईंच्या लयीत. मी उठून बघायला गेलो. अस्मा मशीनवर चष्म्याच्या काचेची कड काढत होती. मी तसाच परत आलो.

दुर्बीण दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. मे महिन्यात अब्बांच्या फोनवर ग्रुपचा मेसेज आला की सप्तर्षींच्या शेपटाजवळच्या एका दीर्घिकेत तारा फुटला आहे, जपानमधल्या एका हौशी माणसाला तो आधी दिसला, आणि आता लहान दुर्बिणीतूनही दिसतो आहे. अस्मानं ताडपत्री काढली. आरशावर धूळ बसली होती, ती अब्बांनी शिकवल्याप्रमाणे पाण्याची धार सोडून धुतली. आणि संध्याकाळी तो तिला सापडला. दीर्घिका म्हणजे धुराचा पुसट डाग, आणि त्या डागाच्या कडेला एक टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. तिनं अब्बांच्याच फोनवरून, अब्बांच्याच पद्धतीनं कळवलं. मुद्दाम नाही केलं, म्हणाली. दुसरं कसं लिहायचं ते सुचलंच नाही.

प्रेरणा मॅडमना अशी निरीक्षणं हवीच होती. फुटलेल्या ताऱ्याचं तेज दिवसागणिक कसं बदलतं याचा त्या आलेख काढत होत्या. अस्माचं काम सोपं होतं आणि अवघडही. ज्यांचं तेज माहीत आहे असे दोन शेजारचे तारे घ्यायचे, एक याच्याहून उजळ, एक मंद, आणि हा त्या दोघांत कुठं बसतो ते नजरेनं ठरवायचं. तेजाचा हिशेब उलटा असतो. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. नुसत्या डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. हाफिजभाईंच्या दुर्बिणीतून, हवा चांगली असली तर, तेराव्या प्रतीपर्यंत. त्यापुढे अंधार.

लोक अस्माला म्हणायचे, अगं तो तर दोन कोटी वर्षांपूर्वीच फुटला, आता पोचतोय त्याचा उजेड. तिला त्याचं काही वाटायचं नाही. दोन कोटी वर्षं कुणाला कळतात. तिला ओढ लागली ती तो डोळ्यांदेखत बदलत होता याची. आकाशातलं बाकी सगळं जसंच्या तसं, आणि हा एकटाच आज असा, उद्या तसा.

जूनच्या सुरुवातीपर्यंत त्याचं तेज फारसं हललं नाही. तिनं फोनवर प्रेरणा मॅडमना विचारलं की एवढा मोठा भडका झाला तर तो लगेच विझत काहून नाही. मॅडमनी समजावलं की फुटताना बाहेर फेकला गेलेला वायू पसरत आणि थंड होत जातो, आणि त्यात कोंडलेला उजेड हळूहळू सुटतो, म्हणून काही आठवडे तेज जवळजवळ एकाच पातळीवर टिकतं. मग एकाएकी घसरतं. आणि त्यानंतर जे दिसतं ते भडक्याचं नसतंच. स्फोटात नवा धातू तयार होतो, किरणोत्सारी निकेल. त्याचा क्षय होऊन कोबाल्ट होतो, कोबाल्टचा क्षय होऊन लोखंड. त्या क्षयाच्या ऊर्जेवर उरलेली राख उजळत राहते. महिन्या-महिन्यानं कमी होत, पण ठरल्या गतीनं, बरेच दिवस.

"म्हंजे तारा संपल्यावर बी त्याचं काहीतरी उजळून राह्यते," अस्मा म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, हो, पण शेवटी ते आपल्या दुर्बिणीच्या हाताबाहेर जातं. हे वाक्य अस्मानं ऐकलं की नाही, मॅडमना नंतर शंका आली.

पावसाळा लागला आणि आकाश मिटलं. ऑगस्ट सरता सरता उघडीप मिळाली, तेव्हा सप्तर्षी वायव्येला खाली उतरले होते. तारा घसरला होता. तिला शोधायला वेळ लागला. सरळ बघितलं की दिसेना. नजर जराशी बाजूला ठेवली की डोळ्याच्या कडेला हलकेच उगवायचा. अंधारात डोळ्याचा मधला भाग मंद उजेडाला आंधळा असतो, कडेचा भाग जास्त तरबेज, हे तिला धंद्यामुळेही माहीत होतं. मंद तारा बघायचा तर तिरक्या नजरेनं बघायचा, हे अब्बांनी ती शाळेत असतानाच शिकवलं होतं.

त्याच सात ताऱ्यांबद्दल अब्बांनी आणखी एक सांगितलं होतं. आपल्याकडे खेड्यापाड्यांत त्या चौकोनाला म्हातारीची खाट म्हणतात, आणि शेपटाचे तीन तारे म्हणजे खाट चोरायला आलेले चोर. पण अब्बांच्या आजानं सांगितलेलं नाव वेगळं होतं : बनातुन्नाश. चौकोन म्हणजे जनाजा, आणि मागं चालणाऱ्या तीन तारका म्हणजे त्यातल्या माणसाच्या लेकी. नवा तारा सगळ्यात मागच्या लेकीच्या जवळ उगवला होता. हे मला अस्मानं सांगितलं तेव्हा ती चष्म्याचा स्क्रू पिळत होती, मान वर केली नाही.

मग सप्तर्षी संध्याकाळच्या आकाशातून गेले आणि हिवाळ्यात पहाटे उगवायला लागले. अस्मा फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या आधी गच्चीवर जाऊ लागली. डिसेंबरात तिचा मेसेज गेला, "दिसला. तेरावी प्रत." मग पुन्हा, काही दिवसांनी, "दिसला. तेरावी."

अमिनाबीचे डोळे याच काळात जास्त बिघडले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी तिला करडा डाग दिसायचा, कडेचं तेवढं दिसायचं. माणसं ती आवाजावरून ओळखायची. लेकीचं चष्म्याचं दुकान, आणि तिच्यासाठी कोणताही चष्मा उपयोगाचा नाही. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेलं परत येणार नाही.

एका पहाटे ती भिंतीला धरून गच्चीच्या जिन्यापर्यंत आली आणि पायरीवर बसली. थंडी होती, म्हणून अस्मानं तिला खाली जायला सांगितलं. ती गेली नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं की पाण्याच्या टाकीपाशी कोण बसलंय. घरात त्या दोघी उर्दू बोलतात. मी आपल्या बोलीत सांगतो.

अस्मानं टाकीकडे बघितलं. कोणी नव्हतं. तेव्हा अमिनाबीनं सगळं सांगितलं. दिवाळीपासून तिला माणसं दिसत होती. टाकीपाशी एक मुंडासेवाला म्हातारा. अंगणाच्या भिंतीवर हिरव्या कपड्यातली लेकरं, ओळीनं. कधी दारात दोन बाया, डोक्यावर काहीतरी घेऊन उभ्या. चेहरे एकदम साफ, जिवंत माणसाचेही दिसत नाहीत इतके साफ. कोणी बोलत नाही, कोणी जवळ येत नाही. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण लोक म्हणाले असते म्हातारीला जिन्न लागला, नाहीतर डोकं फिरलं.

अस्माला याची माहिती होती. नेत्रशिबिरात आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला पूर्वी सांगितलं होतं की नजर गेलेल्या काही माणसांना असं दिसतं. वेड नसतं ते. डोळ्याकडून काही येईनासं झालं की मेंदू रिकामी जागा स्वतःच भरतो. तिनं आईला हे नीट समजावलं, हात धरून. अमिनाबी ऐकत राहिली. मग अस्मानं तो प्रश्न विचारला, जो तिला विचारायचा नव्हता. टाकीपाशी बसतो तो म्हातारा अब्बांसारखा आहे का?

"नाही," अमिनाबी म्हणाली. "त्यायले मी ओळखलं नसतं का? सारी दुनिया दिसून राह्यली मले, बेटा. तेच तेवढे दिसत नाहीत."

त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. अस्मानं मला विचारलं की माणसाला बघायचं एक असतं आणि दिसतं भलतंच, असं काहून होत असेल. मी म्हटलं, मला काय माहीत.

जानेवारीत प्रेरणा मॅडमचा फोन आला. त्या आधी घरच्या गोष्टी बोलल्या, अमिनाबीची तब्येत विचारली, मग मुद्द्यावर आल्या. कॅमेरा लावून फोटो काढणाऱ्यांच्या नोंदी त्यांच्याकडे जमा होत होत्या. तारा चौदाव्या प्रतीच्याही पलीकडे गेला होता, अजून उतरत होता. सगळ्यांचे ठिपके आलेखावर एका उतरत्या रेषेत बसत होते. अस्माचे ठिपके मात्र त्या रेषेच्या वर एका जागी थांबले होते, तेरावर.

"सहा इंची दुर्बिणीतून तो आता दिसायला नको, अस्माताई," त्या म्हणाल्या.

"मले दिसते."

मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मी येते, आपण सोबत बघू.

त्या शनिवारी एसटीनं आल्या आणि अस्माकडेच मुक्काम केला. अमिनाबीनं त्यांच्यासाठी चाचपडत रोट केले, थोडे करपले, मॅडमनी आवडीनं खाल्ले. जेवताना ताऱ्याचा विषय कुणी काढला नाही. झोपायच्या आधी अस्मा स्वतःच बोलली. दुकानात एखाद्या माणसानं नंबर काढायचा अक्षरांचा तक्ता पाठ केलेला असतो, लायसन्ससाठी नाहीतर नोकरीसाठी, आणि शेवटची ओळ तो धडाधड म्हणून दाखवतो. तेव्हा ती काही न बोलता दुसरा तक्ता लावते. पुष्कळदा तो माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच वाटतं की आपण वाचतोय.

"माह्यासाठी बी दुसरा तक्ता लावा," ती म्हणाली. "कुठं तारा आहे न् कुठं नाही, ते फक्त तुम्हालेच माहीत पायजे."

मॅडमनी रात्री बसून सप्तर्षींच्या आसपासच्या काही जागांचे नकाशे काढले. प्रत्येकावर एक फुली. काही फुल्यांच्या जागी खरंच मंद तारा होता, दुर्बिणीच्या आवाक्यातला. काही फुल्यांच्या जागी आवाक्याबाहेरचा. आणि काही फुल्या त्यांनी साफ मोकळ्या आकाशावर मारल्या.

पहाटे दोघी वर गेल्या. हवा कोरडी आणि स्थिर होती, सप्तर्षी उत्तरेला उंच आले होते. अमिनाबी शाल पांघरून पायरीवर येऊन बसली. मॅडम नकाशा दाखवायच्या, अस्मा दुर्बीण लावायची, डोळा टेकवायची, नजर बाजूला सारायची, श्वास रोखायची. मग सांगायची. दिसला. बाराव्या-तेराव्याच्या मधे. दिसला. दिसला, पण धूसर. मॅडम पुढचा नकाशा द्यायच्या. शेवटचा नकाशा झाला तेव्हा पूर्वेला फटफटत होतं.

अस्मानं विचारलं, "किती खोटे?"

मॅडमनी आकडा सांगितला नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला सगळीकडे दिसला, ताई. जिथं काहीच नव्हतं तिथंही."

अस्मा स्टुलावर बसून राहिली. मॅडम बोलत होत्या, की हे सगळ्यांच्या बाबतीत होतं, त्यांच्याही झालं आहे, दिसेल असं वाटत असलेल्या जागी डोळा तारा ठेवतो, म्हणूनच तर निरीक्षणं ताडून बघायची. अस्माचं लक्ष नव्हतं. तिनं फक्त एवढं विचारलं की आधीचेही खोटे का. मॅडम म्हणाल्या, नाही. उन्हाळ्यातले सगळे खरे. ऑगस्टमधले खरे. अगदी चोख. डिसेंबरपासूनचे काढावे लागतील.

"काढा," अस्मा म्हणाली. मग विचारलं, "त्या जागी काय लिहता?"

मॅडमनी सांगितलं की लिहायची रीत असते. नाही दिसला, तेराव्या प्रतीहून मंद. तेही निरीक्षणच असतं, आलेखावर त्याची वेगळी खूण करतात.

अस्मानं अब्बांचा फोन काढला आणि ते तिथंच बसून टाइप केलं. तिची बोटं थंडीनं आखडली होती. पाठवायच्या आधी तिनं ते दोनदा पुसलं, पुन्हा लिहिलं.

तेवढ्यात पायरीवरून अमिनाबी म्हणाली, "टाकीपाशी आज दोघं हायेत. खरंच हायेत का?"

इतके दिवस अस्मा अशा प्रश्नाला "असतील" म्हणून टाळायची. त्या दिवशी ती उठून टाकीपर्यंत गेली, टाकीच्या मागं बघितलं, हात फिरवून बघितला.

"कोणी नाही, अम्मी."

"बरं," अमिनाबी म्हणाली. मॅडम सांगतात, तेव्हा अस्मा रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. ती चहा ठेवायला खाली गेली. दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही, ती गॅससमोर उभी होती.

फेब्रुवारीत दोघी मायलेकी नांदेडला गेल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. कब्रस्तानाच्या राखणदारानं साथीच्या काळातल्या कबरींची रांग दाखवली. सगळ्या एकसारख्या, बऱ्याचशांवर नाव नाही, गवत वाढलेलं. त्यानं एका कबरीकडे हात केला आणि म्हणाला, बहुतेक ही. किंवा शेजारची. अस्मानं त्याला पुन्हा विचारलं नाही. दोघींनी दोन्ही कबरींच्या मधे उभं राहून फातिहा पढला. अमिनाबीनं मान तिरकी करून रांगेकडे बघितलं, तिला समोरचं दिसत नाही म्हणून ती तशीच बघते, आणि लेकीला सांगितलं की इथं खूप माणसं बसली आहेत, पण ओळखीचं कोणी नाही. परतीच्या बसमध्ये ती लेकीच्या खांद्यावर झोपली.

अब्बांचा फोन आता बंद आहे. ग्रुपवर अस्मा स्वतःच्या नंबरवरून असते. तेज बदलणारे दुसरे तारे बघते, आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी. तिच्या मेसेजमध्ये "नाही दिसला" बरेचदा असतं. प्रेरणा मॅडम म्हणतात की जिल्ह्यात सगळ्यात भरवशाची नोंद तिची असते, पण ती ते हसण्यावारी नेते.

मी एकदा धीर करून विचारलं की त्या डिसेंबरात तुला खरंच काही दिसलं नव्हतं का. ती काच पुसत होती. म्हणाली, दिसलं तर होतंच. आताही डोळे मिटले की त्या डागाच्या कडेला तो ठिपका येतो, सरळ बघायला गेलं की जातो. तेवढंच बोलून ती आत गेली.

अमिनाबीची उरलेली नजरही यंदाच्या उन्हाळ्यात जवळपास गेली. आणि तिची माणसं यायची थांबली. डॉक्टर म्हणाले, काही दिवसांनी असं होतंच. आम्ही सगळ्यांनी तिला म्हटलं, चला, सुटका झाली. पण परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा ती अंगणात खुर्ची टाकून बसली होती, भिंतीकडे तोंड करून. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिनं विचारलं कोण. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, बस, आजकाल कोणीच येत नाही.